फ्युर एलिझे, मूनलाइट आणि मंडळी: ज्यांच्यामुळे पियानो शिकावासा वाटतो, त्या रचना किती अवघड?

सूरपेटी

पियानो शिकायला येणाऱ्याला "काय वाजवायचं आहे?" असं विचारलं की उत्तरांची यादी जवळजवळ ठरलेली असते. बेथोवनचं फ्युर एलिझे. त्याच्याच मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग. देब्युसीचं क्लेअर द ल्यून, शोपँचं एखादं नॉक्टर्न, पाखेलबेलचा कॅनन. कॅसेटच्या जमान्यातली मंडळी रिचर्ड क्लेडरमनचं नाव घेतात, आणि 'दिल के झरोखे में' म्हणणारे तर असतातच.

या रचनांचा कानात बसलेला तुकडा वेगळा आणि कागदावरची पूर्ण रचना वेगळी. कानात असतात पहिले आठ-दहा बार (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), आणि तेवढे बहुतेक वेळा सोपे असतात. एक-दोन महिने उत्साहात जातात, मग पुढचं पान उलटलं की कीबोर्डवर चादर पडते. म्हणून हा धागा. रचना एकेक घ्या. सोपं काय, हात कुठे अडकतो, का अडकतो आणि तिच्या आधी काय यायला हवं, एवढंच लिहा. कोणाला कोणती सुरावट किती हळवी करते हे नंतर कधीतरी.

सुरुवात फ्युर एलिझेपासून. रचना १८१० ची, छापली गेली १८६७ मध्ये, म्हणजे बेथोवन जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. ए मायनर, ३/८. बांधणी अ-ब-अ-क-अ अशी. सगळ्यांना येतो तो अ. पेटीवाल्यांनी पांढरी सहा (सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, म्हणजे ए) हा सा धरला तर सुरुवात अशी: प म॑ प म॑ प रे म ग॒ सा. दोन्ही मध्यम, गंधार कोमल. उजव्या हाताची बोटं (अंगठा १, करंगळी ५): ५ ४ ५ ४ ५ २ ४ ३ १.

हा भाग सोपा का? दोन्ही हात जवळजवळ पाळीपाळीने वाजतात. उजव्याचं वाक्य संपतं तिथे डावा तीन स्वर घेतो आणि पुढचं वाक्य परत उजव्याकडे देतो. एकत्र येतात ते बारच्या पहिल्या ठोक्यावर. डाव्याची पहिली जागा पांढरी सहा, तीन, वरची सहा. बोटं ५ २ १. दुसरी जागा फसवी आहे: पांढरी तीन, वरची पांढरी तीन आणि तिच्यावर काळी चार. हे अंतर सप्तकाहून मोठं. पंजा ताणून तिन्ही स्वर धरायला गेलात तर मनगट दुखणार. करंगळीने स्वर सोडायचा आणि मनगट उजवीकडे सरकवायचं. स्वर टिकवायला पेडल आहे.

ब भाग एफ मेजरमध्ये जातो आणि उजव्या हाताला दुप्पट वेगाचे स्वर येतात. इथे जवळजवळ सगळे आपटतात. कारण एकच: अ मनाला येईल त्या लयीत बसवलेला असतो. म्हणून उलट करा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) एका क्वेव्हरला, म्हणजे ३/८ मधल्या एका ठोक्याला, ६० ठेवून आधी ब बसवा. तो ज्या लयीत न अडखळता येतो, ती पूर्ण रचनेची लय. हळूहळू १२० पर्यंत गेलात तरी पुष्कळ झालं.

क भागात डावा हात खालच्या पांढऱ्या सहावर ठोके देत राहतो. ठोके मनगटाने मोजून, हलके. त्यानंतर उजव्या हाताची चढती धाव: तीन बार, प्रत्येकी नऊ स्वर. मग दोन बारांत अठरा स्वर, एकेक पट्टी उतरत, काळी-पांढरी काही न सोडता. या उताराला बोटं सरळ आहेत: काळीवर ३, पांढरीवर १, आणि एफ-ई, सी-बी अशा दोन पांढऱ्या लागून आल्या की २-१. धाव दिसायला भीतीदायक, पण ब पेक्षा सोपी. न चुकता येते, कारण तिच्यात विचार करायला काही नाही.

रोज अर्धा तास धरला तर अ भाग दोन-तीन महिन्यांत. पूर्ण रचना, लय न तुटता: दीड ते दोन वर्षं.

उगाच_एक

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे बसतं का? की घ्यायचा तर ८८ चाच?

डावाहात

अ आणि ब आरामात बसतात. क नाही. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं, सी ते सी. वर सूरपेटी यांनी सांगितलेली चढती धाव सर्वात वरच्या सीच्या पुढे आणखी दोन पांढऱ्या चढते, डी आणि ई. त्या पट्ट्याच नसतात. ऑक्टेव्हचं बटण दाबून सगळं एक सप्तक खाली सरकवता येतं, पण मग डावा हात गढूळ ऐकू येतो आणि खालच्या बाजूला पट्ट्या कमी पडायला लागतात. ७६ पट्ट्यांत (ई ते जी) फ्युर एलिझेची ही धाव मावते. मूनलाइटला तर ६१ वर दुसऱ्याच बारमध्ये अडचण: डावा हात अष्टकात (एक स्वर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला जोडीदार, दोन्ही एकदम) सी शार्पवरून बीवर उतरतो आणि खालची बी तुमच्या शेवटच्या पट्टीच्या बाहेर गेलेली असते.

पण पट्ट्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पट्टी वजनदार आहे का. स्प्रिंगच्या हलक्या पट्टीवर बोटाच्या जोरातला फरक आवाजात नीट उतरत नाही. मूनलाइटमध्ये एकाच हाताची करंगळी मोठी आणि बाकीची बोटं लहान वाजायला हवीत; हलक्या पट्टीवर ते शिकताच येत नाही. सध्या ६१ च असेल तर निदान सेटिंगमध्ये टच रिस्पॉन्स (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होणं) बंद नाही ना, एवढं बघा.

पेडल वेगळं घेतलं आणि ते उलटं चालायला लागलं (पाय उचलला की स्वर लांबतो) तर पेडल बिघडलेलं नसतं. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती वाचतात. कीबोर्ड बंद करा, पिन घट्ट बसवा, पेडलवर पाय न ठेवता चालू करा. काही पेडलांना खाली छोटा स्विचही असतो.

तिस्रजाती

मूनलाइट मी घेतो. १८०१ ची रचना, ओपस २७ (ओपस म्हणजे रचनाकाराच्या प्रकाशित रचनांचा क्रमांक) मधला दुसरा सोनाटा. 'मूनलाइट' हे नाव बेथोवनचं नाही. रेलश्टाब या समीक्षकाने चांदण्यातल्या सरोवराची उपमा दिली आणि ते बेथोवनच्या पश्चात चिकटलं. बेथोवनने लिहिलं होतं 'फँटसीसारखा सोनाटा'. पहिला भाग ६९ बारचा. हा पियानिस्टांच्या मापाने संथ आणि सोपा म्हणतात. पण नवशिक्याच्या मापाने नाही.

चार शार्प (अर्ध्या सुराने चढवलेले स्वर) आहेत: एफ, सी, जी, डी. आधार स्वर काळी एक. कागद बघून घाबरतात, पण हाताला ही जागा सोयीची आहे. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा पांढरीवर ही पंजाची नैसर्गिक ठेवण. शोपँ शिष्यांना पहिली स्केल बी मेजर द्यायचा ती याचसाठी. म्हणून ए मायनरमध्ये उतरवलेली 'सोपी मूनलाइट' घेऊ नका. वाचायला सोपी, हाताला परकी. आणि पुढे मूळ वाजवायची तर सगळं पुसून नव्याने शिकावं लागतं.

बारमध्ये तीन-तीनचे चार गट: तकिट तकिट तकिट तकिट. सराव असा करा. आधी प्रत्येक 'तकिट' फोडायचाच नाही, तिन्ही स्वर एकदम दाबायचे, म्हणजे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) कुठे बदलते ते हाताला कळतं. यासोबत डाव्या हाताची अष्टकं. हे पान-दीड पान न थांबता आलं की मग स्वर सुटे करा, अजून वरची सुरावट नाहीच. सुटे करताना बोटं उचलून आपटू नका, कोपरापासूनचा हात किंचित वळवत राहायचा. बोटं उचलणाऱ्याचा हात दुसऱ्या पानावर भरून येतो.

आता सुरावट. ती पाचव्या बारमध्ये येते, उजव्या करंगळीवर: लांब, आखूड, लांब. घोळ त्या आखूड स्वराचा. तो 'तकिट'मधल्या 'ट'वर पडत नाही. 'ट' वाजून गेल्यावर आणि पुढच्या 'त'च्या आधी पडतो. निम्मी मंडळी तो 'ट'बरोबर वाजवतात आणि सगळा भाग झुल्यासारखा डोलायला लागतो. तोंडाने तकिट म्हणत फक्त करंगळी वाजवा, मग बाकीचा हात जोडा.

मध्ये काही ठिकाणी उजव्या पंजाला सप्तकाहून एक पट्टी जास्त ताणावं लागतं. हात लहान असेल तर खालचा स्वर डाव्या हाताने घ्या. चालतं, परीक्षेतही.

पेडलबद्दल: बेथोवनने वर लिहिलं आहे की पूर्ण भाग डँपर न लावता वाजवावा, म्हणजे पेडल दाबूनच. त्या काळच्या पियानोचा स्वर लवकर विरायचा, म्हणून ते शोभायचं. आजच्या पियानोवर अक्षरशः तसं केलंत तर चार बारांत चिखल. डाव्या हाताचा स्वर बदलला की पेडल बदला. आणि बदलायचं म्हणजे नवा स्वर वाजल्याक्षणी पाय उचलून लगेच परत दाबायचा. स्वराच्या आधी नाही. आधी उचललंत तर मधे भोक पडतं.

पांढरी_सहा

दोघांचंही विवेचन उत्तम, वाचनखूण साठवली. पण थोडा वेगळा सूर लावते. या दोन्ही रचना पहिल्या म्हणून चुकीच्या आहेत. ज्याला तोच 'झुळझुळ' आवाज हवा आहे त्याने बाखचं सी मेजर प्रेल्यूड घ्यावं, वेल टेंपर्ड क्लेव्हियरच्या पहिल्या खंडातलं (१७२२) अगदी पहिलं. ३५ बार. पांढरी एक हा सा, शार्प-फ्लॅट (फ्लॅट म्हणजे अर्ध्या सुराने उतरवलेला स्वर) अधूनमधून. पहिल्या ३२ बारांत एकच आकृती: डाव्या हाताचे दोन स्वर, उजव्याचे तीन, उजव्याचे तेच तीन परत, आणि हा आठ स्वरांचा गट प्रत्येक बारमध्ये दोनदा. म्हणजे खरं तर एका बारला पाच स्वरांची एक कॉर्ड पाठ करायची आहे. ३३ आणि ३४ मध्ये आकृती मोडते आणि ३५ वा बार म्हणजे शेवटची कॉर्ड.

रोज दोन कॉर्ड घेतल्या तरी तीन आठवड्यांत हात फिरतो. चुकतं ते एवढंच: डाव्या हाताचे दोन स्वर सोडून देतात. ते दाबून धरायचे असतात, कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पेडलने झाकू नका, आधी बोटाने धरा. आणि एक लक्षात ठेवा, काही जुन्या आवृत्त्यांत २२ व्या बारनंतर एक जास्तीचा बार घुसवलेला आहे. तो बाखचा नाही. गुनो या फ्रेंच संगीतकाराने या प्रेल्यूडवर आव्हे मारिया हे गीत बसवलं ते हा बार धरून, म्हणून तो अजून फिरत राहतो. तुमच्या प्रतीत ३६ बार निघाले तर कारण हे.

दुसरी रचना: शोपँचं ई मायनर प्रेल्यूड, ओपस २८ मधलं चौथं. २५ बार, एक पान. उजव्या हातात जवळजवळ काही नाही, लांबलांब स्वर. सगळं डाव्या हातात: तीन स्वरांची कॉर्ड सारखी वाजत राहते आणि तिच्यातला एखाद-दुसरा स्वर अर्ध्या सुराने खाली घसरतो. पेन्सिल घेऊन प्रत्येक बदललेल्या स्वराभोवती गोल करा. एवढं केलं की निम्मं पाठ झालं. चूक कोणती होते? डावा हात ठोकळ्यासारखा एकसारखा मोठा वाजतो. पट्टी पूर्ण वर येऊच द्यायची नाही, निम्मी वर आली की परत दाबायची.

मूनलाइटची ओढ असेल त्याने हे दोन केले तर मूनलाइटला लागणारं निम्मं सामान हाताशी येतं: कॉर्डचे स्वर सुटे करणं बाखकडून, डावा हात दबका ठेवणं शोपँकडून.

सूरपेटी

@पांढरी_सहा, क्रम मान्य, पण 'फ्युर एलिझे नंतर' असं सांगून आलेल्या माणसाला परत पाठवू नये. ज्या सुरावटीसाठी तो आला, तिचे आठ बार पहिल्या महिन्यात हातात द्यावेत आणि बाख शेजारी चालू ठेवावा. मात्र ते आठ बार मूळ बोटांनी आणि मूळ स्वरांनी. 'बिगिनर व्हर्जन'मध्ये बोटांचे आकडे वेगळे असतात आणि ते हाताला चिकटले की सुटत नाहीत.

पांढरी_सहा

आठ बार चालतील. फक्त फ्युर एलिझेतला मधला तो टप्पा येईपर्यंत थांबू नका, तो आधीच वेगळा बसवा म्हणावं, जिथे प वेगवेगळ्या सप्तकांत वाजत वर जातो आणि मग म॑-प, म॑-प करत परत मूळ सुरावटीत शिरतो. तिथे मोजणी सुटली की माणूस गोल गोल फिरत राहतो. ते सहाच्या गटांत मोठ्याने मोजून बसवायला हवं.

मध्यम_तीव्र

हिंदी गाण्यांकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. 'दिल के झरोखे में' (ब्रह्मचारी, शंकर-जयकिशन) ऐकून पियानो शिकायचं ठरवणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगावी: पडद्यावर शम्मी कपूर पियानोवर बसलेला असला तरी ध्वनिमुद्रणात सगळा भार पियानोवर नाही. मागे भलामोठा ऑर्केस्ट्रा आहे. शंकर-जयकिशनची वाद्यरचना लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे; व्हायोलिनचे ताफे त्यांनी कागदावर बांधून दिलेले असायचे. तेव्हा 'या गाण्याचं पियानो नोटेशन' म्हणून जे विकलं जातं ते कुणीतरी नंतर रचलेलं असतं, दर्जा जसा असेल तसा. त्यापेक्षा स्वतः बांधा.

कृती: उजव्या हातात चाल, तिचा सा ठरवून. डाव्या हातात फक्त तीन कॉर्ड: सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें. ओळीतल्या ज्या शब्दावर सम आहे तिथला स्वर या तिघांपैकी कोणात आहे ते बघा. बहुतेक वेळा तीच कॉर्ड. गाण्यात ग कोमल असेल तर पहिली कॉर्ड सा-ग॒-प. दोनांत बसत असेल तर दोन्ही वाजवून बघायची, कान सांगतो. कॉर्ड एकदम दाबू नका, तालाच्या अंगाने फोडा: दादरा असेल तर खाली एक सुटा स्वर आणि मग कॉर्ड दोनदा, केरवा असेल तर खालचा स्वर, कॉर्ड, मधला स्वर, कॉर्ड.

कुठे बिघडतं? चाल रागाच्या अंगाने जाणारी असली की. तिथे कॉर्ड टाकली की तिच्यातला एखादा स्वर चालीतल्या स्वराशी भांडतो, विशेषतः दोन्ही गंधार किंवा दोन्ही निषाद असतील तेव्हा. अशा ओळीत डाव्या हाताने नुसता सा-प धरा. तानपुऱ्याइतकंच. कॉर्ड नसली तरी काही अडत नाही.

क्लेडरमनच्या 'बॅलाड पूर आदलिन'लाही (१९७६) हेच कौशल्य लागतं: सी मेजर, डाव्या हातात फोडलेल्या कॉर्ड. तिच्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांनी ते मुरडावं, पण डाव्या हाताला इतकी सरळ शाळा दुसरी मिळणं कठीण.

आणि 'इतना न मुझ से तू प्यार बढ़ा' (छाया, १९६१) आवडत असेल तर तो दरवाजा मोझार्टकडे उघडतो. सलिल चौधरींनी चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात घेतली आहे. पांढरी पाच हा सा धरा: ध॒ प प, ध॒ प प, ध॒ प प गं॒. मूळ रचना वाद्यवृंदाची, पियानोची नव्हे. म्हणून पियानोवर डाव्या हाताने व्हायोलांची (व्हायोलिनहून थोडी मोठी, खालच्या सुराची वाद्यं) घाई पूर्ण वाजवायला जाऊ नका. त्या घाईची कॉर्ड करून प्रत्येक ठोक्याला एकदा, बस.

उगाच_एक

आणि तो कॅनन?

मध्यम_तीव्र

तो तर पेटीवाल्यांसाठीच आहे. मूळ तीन व्हायोलिन आणि खालच्या आवाजाच्या साथीसाठी. साथीचे आठ स्वर शेवटपर्यंत बदलत नाहीत, एकूण २८ वेळा येतात. पांढरी दोन हा सा: सा प ध ग म सा म प. सगळे शुद्ध. यावरच्या कॉर्ड: डी, ए, बी मायनर, एफ शार्प मायनर, जी, डी, जी, ए. आठवडाभर फक्त डावा हात, डोळे मिटून येईपर्यंत. मग उजव्याने आधी ठोक्याला एक स्वर, मग दोन, मग चार. चाराला गेलात की डावा हात नकळत घाई करायला लागतो. तिथे परत दोनावर या.

मडगावकर

वाचनाबद्दल दोन शब्द. वरून रंगीत पट्ट्या पडतात ते व्हिडिओ बघून पहिली सुरावट बसवणारे खूप आहेत. सुरावट बसते, तक्रार ती नाही. त्यात बोट कोणतं ते दिसत नाही, वाक्य कुठे संपतं ते दिसत नाही, आणि मधून सुरू करता येत नाही. वाजवताना एका जागी अडलं की पुन्हा पहिल्यापासून. कागद असला की तुम्ही १७ व्या बारपासून सुरू करू शकता. व्हिडिओच वापरायचा असेल तर रचनेचे आठ-आठ बारांचे तुकडे पाडा आणि शेवटच्या तुकड्यापासून मागे मागे या. वाजवताना तुम्ही नेहमी अनोळखीकडून ओळखीच्या भागाकडे जाल, म्हणून शेवट कोसळणार नाही.

गोव्यात चर्चच्या शाळांमधून आधी सोल्फेजो शिकवायची पद्धत होती: स्वर तोंडाने म्हणायचा, हाताने ठोका, मग वाद्य. ती पद्धत पियानोला आजही लागू आहे. फक्त सरगमवाल्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथला 'दो' हलत नाही, तो कायम पांढरी एक. आपला सा कुठेही बसतो. दोन्ही एकदम चालवू नका. कागद वाचताना पट्टीचं नाव, कानाने बसवताना सरगम.

कागद कुठे मिळेल हे कोणी विचारण्याआधी: या बहुतेक रचनांवर आता कोणाचा हक्क नाही, मूळ प्रती नेटवर मोफत आहेत. पण बोटांचे आकडे हवे असतील तर छापील आवृत्ती घ्या. मुंबईत धोबी तलावला म्युझिकच्या दुकानात चाळून घेता येते. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे वर्गही आहेत.

पेटीवाली_मावशी

पेटी वाजवणाऱ्यांना हे सगळं सोपं जातं की उलट अवघड?

डावाहात

मावशी, उजव्या हाताला सोपं, सवयींना अवघड. पट्ट्यांची ओळख, कान, सुरावट पटकन उचलणं हे सगळं तयार मिळतं. पण पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे तो पियानोवर अगदी नवखा निघतो. बाएर किंवा तत्सम प्राथमिक पुस्तकातून रोज दहा मिनिटं फक्त डावा हात वाजवा, उजवा मांडीवर.

दुसरं, पेटीवर पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज भात्याचा. पियानोवर आवाज ठरतो पट्टी खाली जाण्याच्या वेगावर, आणि हातोडी तारेला लागून परतली की तुमचं काम संपलं. त्यानंतर कितीही दाबून धरलंत तरी स्वर वाढत नाही, विरतच जातो. पेटीवाले दाबून धरतात, त्यातून मनगट ताठ होतं. स्वर वाजला की बोट पट्टीवर राहू द्या, पण जोर सोडा.

तिसरं, अंगठा. पेटीवर तीन बोटांवर निभावून नेणारे बरेच. पियानोवर सी मेजरची स्केल उजव्या हाताने १ २ ३ १ २ ३ ४ ५ अशी, अंगठा तिसऱ्या बोटाखालून न्यायचा. हे आलं नाही तर फ्युर एलिझेतली ती चढती धाव जन्मात येणार नाही. कोपर बाहेर फेकून अंगठा नेऊ नका, हात किंचित पुढे सरकत राहिला की अंगठा आपोआप जागेवर असतो.

तिस्रजाती

राहिलेल्यांचा हिशेब थोडक्यात. क्लेअर द ल्यून: १८९० च्या सुमारास लिहिलेलं, सुधारून १९०५ ला छापलेलं, पाच फ्लॅट, ९/८. पहिलं पान संथ आहे म्हणून लोक फसतात. तिथेच तीनच्या चालीत मधूनच दोनाचे गट येतात आणि ठोका बांधलेल्या स्वरांखाली लपतो. पेडलच्या धुक्यात चूक ऐकू येत नाही, एवढंच. मधल्या भागात डाव्या हाताच्या लांब लाटा आहेत. तीन-चार वर्षांच्या आत हात लावू नये असं माझं मत.

शोपँचं नॉक्टर्न ओपस ९ क्रमांक २: उजवा हात गातो, खरी परीक्षा डाव्याची. खालचा एक स्वर, मग वर उडी मारून दोन कॉर्ड, पूर्ण रचनाभर. उडीचा सराव उजवा हात बंद ठेवून: खालचा स्वर वाजताच हात कॉर्डवर नेऊन ठेवायचा, वाजवायची नाही. शंभर टक्के जागेवर पडायला लागला की मगच वाजवायची. हीच उडी अर्ध्या वेगात आणि पुष्कळ वेळ देऊन शिकायची असेल तर सातीचं पहिलं जिम्नोपेदी (१८८८) घ्या. तिथे बारच्या पहिल्या ठोक्याला खालचा स्वर, दुसऱ्याला कॉर्ड, आणि तिसरा ठोका हात परत आणायला मोकळा.

शोपँचं फँटसी-इंप्रॉम्प्टू: एका हातात तिगुन, दुसऱ्यात चौगुन. तबल्यावर हात असेल त्याला कल्पना लगेच कळते, वाजवायला तरीही काही वर्षं लागतात.

पेटीवाल्यांसाठी एक गंमत: मूनलाइट, क्लेअर द ल्यून आणि फँटसी-इंप्रॉम्प्टू, तिघांचाही सा काळी एक.

नवी_पट्टी

मुलाला ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या आहेत आणि वाजवायचं आहे फ्युर एलिझे. दोन्ही एकत्र जमेल? शिवाय आमच्या प्रतीत सातव्या बारमध्ये एक स्वर आहे आणि व्हिडिओत वेगळाच ऐकू येतो.

सूरपेटी

जमेल. ट्रिनिटी काय किंवा एबीआरएसएम काय (दोन्ही ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळं), सुरुवातीच्या ग्रेडमध्ये छोट्या नृत्यरचना असतात. जी मेजरचा तो प्रसिद्ध मिन्युएट घ्या (बाखच्या नावावर खपतो, पण रचना पेट्झोल्डची). ३२ बार, दोन्ही हात स्वतंत्र चालतात, आणि फ्युर एलिझेच्या अ भागाला लागणारी स्वच्छ बोटं त्यातून मिळतात. आठवड्याच्या सरावात दोन तृतीयांश वेळ परीक्षेला, एक तृतीयांश त्याच्या आवडीच्या आठ बारांना. परीक्षेच्या आधीचा महिना मात्र फक्त परीक्षा.

सातव्या बारमधला घोळ छपाईचा नाही. उजव्या हाताचा दुसरा स्वर काही आवृत्त्यांत ई आहे, काहींत डी. आपल्या भाषेत मंद्रातला प की म. ज्या हस्तलिखितावरून १८६७ ची प्रत निघाली ते हरवलं आहे, त्यामुळे वाद मिटत नाही. दोन्ही बरोबर धरतात. परीक्षेत वाजवायचं असेल तर जी प्रत परीक्षकासमोर ठेवाल तिच्यातला स्वर वाजवा, आणि तोच बार परत येईल तेव्हा कागदावर पुन्हा बघा, कारण एकाच प्रतीत पहिल्यांदा ई आणि नंतर डी असंही छापलेलं सापडतं.